सहा फुटांची रेषा: पीओपी मूर्तींच्या वादात विज्ञान कुठवर बोलते?

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या गणेशमूर्तींवरून मंडळांच्या बैठकांत, महापालिकांच्या सभांत आणि मुंबई उच्च न्यायालयात गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. या वादात सगळेच विज्ञानाचा हवाला देतात. म्हणून विज्ञान यात खरोखर काय सांगते, कुठे थांबते आणि तिथून पुढचे निर्णय कोण घेते, एवढेच मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते, तीच पीओपी. तिच्यात पाणी कालवले की मिश्रण गरम होते आणि थोड्याच वेळात आळून घट्ट होते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या पुन्हा जिप्समच तयार होते. पेणच्या कारखान्यांत हे मिश्रण साच्याला आतून लावतात, मजबुतीसाठी त्यात काथ्या घालतात आणि पोकळ, हलकी मूर्ती बाहेर काढतात. शाडूची मूर्ती जड असते, पावसाळी हवेत ती लवकर वाळत नाही आणि वाहतुकीत तिला तडे जातात. शेकडो कुटुंबांचे वर्षभराचे पोट ज्या धंद्यावर आहे, त्या धंद्याने पीओपी का जवळ केली, हे यावरून कळावे.

पीओपीचे समर्थक म्हणतात की जिप्सम निसर्गातच सापडते, मग त्याने पाणी कसे बिघडेल? विरोधक म्हणतात की ही मूर्ती विरघळतच नाही. दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत, कारण दोन्हींत आकडा नाही. एक लिटर गोड्या पाण्यात जिप्सम फार तर दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. वीस लिटरच्या बादलीत मूर्ती बुडवून ठेवली, तर तिचे फार तर पन्नास ग्रॅम विरघळतील आणि पाणी संपृक्त होऊन प्रक्रिया थांबेल. मग मूर्ती महिनाभर तशीच ठेवली तरी फरक पडणार नाही. पाच किलोची घरगुती मूर्ती पूर्ण विरघळायला निदान दोन हजार लिटर पाणी लागेल. उलट समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये मुळातच अडीच ग्रॅमहून अधिक सल्फेट असते, त्यामुळे तिथे रासायनिक भर नगण्य ठरते. तिथला प्रश्न न विरघळलेल्या तुकड्यांचा, काथ्याचा आणि रंगांतल्या शिसे, क्रोमियम यांसारख्या जड धातूंचा आहे. लहान, साचलेल्या तलावात मात्र गाळ, रंग आणि पाण्याचा वाढता जडपणा असे सगळेच एकदम भोवते. तेव्हा ‘पीओपी प्रदूषक आहे का?’ या प्रश्नाला किती, कुठल्या पाण्यात आणि किती काळात, हे विचारल्याखेरीज प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

कायद्याला मात्र हो किंवा नाही असे उत्तर लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये ती सुधारून पीओपीच्या मूर्तींवर बंदी घातली. तिची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आणि लगेच आलेल्या माघी गणेशोत्सवात मुंबईतील काही मंडळांच्या मूर्ती विसर्जनावाचून राहिल्या. त्यानंतर राज्य सरकारने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे अभ्यास सोपवला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर होते. मूर्ती घडवायला हरकत नाही, नैसर्गिक जलस्रोतांत तिचे विसर्जन नको, अशी भूमिका केंद्रीय मंडळाने घेतल्यावर जून २०२५ मध्ये मूर्ती बनवण्यावरची बंदी उठली. २४ जुलैच्या आदेशाने मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करणे बंधनकारक झाले, त्याहून उंच मूर्तींना मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाची मुभा मिळाली.

ही सहा फुटांची रेषा रसायनशास्त्रातून आलेली नाही. सात फुटी मूर्तीत सहा फुटीपेक्षा पीओपी जास्तच असणार. विज्ञानाला विचारले असते, तर त्याने आधी मोठीच मूर्ती अडवली असती. ती रेषा तलावांची खोली, मूर्ती हलवण्यातल्या अडचणी आणि उंच मूर्तींची सार्वजनिक परंपरा यांच्यातली तडजोड आहे. अशी तडजोड करण्याचा न्यायालयाला आणि सरकारला पूर्ण अधिकार आहे, आणि माझ्या मते ती त्या क्षणी शहाणपणाचीही होती. पण तिला वैज्ञानिक निर्णय म्हणू नये, कारण उद्या ती बदलली की लोक म्हणतील, शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला.

धर्माच्या बाजूनेही बरेच काही सांगण्यासारखे आहे. उत्तरपूजेने मूर्तीतील देवत्वाचे विसर्जन होते, असे आपल्या परंपरेतच मानले जाते. पाण्यात सोडणे त्यानंतर येते. तरीही दुसऱ्या दिवशी चौपाटीवर भंगलेली मूर्ती पाहून भाविकाच्या पोटात कालवते, आणि ती वेदना खरी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या वेदनेची दखल घेतली, असे मला वाटते. तिच्या पद्धतीत मूर्तीच्या वजनाइतकाच अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालतात. दोन-तीन दिवसांत मूर्ती घरच्या घरी विघटित होते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे द्रावण राहते, जे खत म्हणून झाडांना घालता येते. हे घरगुती मूर्तीपुरते जमते. मंडळाच्या मोठ्या मूर्तीसाठी इतके रसायन आणि टाक्या आणायच्या कुठून, हा प्रश्न राहतोच.

म्हणून सध्या माझे सगळे लक्ष कृत्रिम तलावांकडे आहे. विसर्जनानंतर तिथला गाळ उपसून कुठे नेला जातो, त्यात जड धातू किती आहेत आणि काथ्यासकट आलेली पीओपी पुन्हा वापरण्याजोगी करता येते का, याचे मोजमाप प्रत्येक महापालिकेने तलावनिहाय, विसर्जनाआधी आणि नंतर करावे आणि ते आकडे पुढच्या उत्सवाच्या मूर्ती साच्यात जाण्यापूर्वी लोकांसमोर ठेवावेत. पेणच्या कारागिरांचे काम उत्सवाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते, तेव्हा ही माहिती भाद्रपदात मिळून त्यांच्या कामी येणार नाही.