क्रिएटिनिन नॉर्मल, पण किडनी?

(दृश्य : ग्रामीण रुग्णालय, सकाळची ओपीडी. बाकावर रांग.)

हातात दुमडलेलं कार्ड, पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं. सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, आकडा कार्डावर चढतो, महिन्याच्या गोळ्या मिळतात. पुढचा नंबर!

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. आता बीपी मोजलं जातं, लिहिलंही जातं. पण इतकी वर्षं चढलेल्या बीपीनं आत मूत्रपिंडाचं काय केलं, तो रकाना पुष्कळदा कोराच राहतो.

(दृश्य : मूत्रपिंडाचं रेखाचित्र, केशवाहिन्यांचे गुच्छ.)

एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत देतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर. दाब सतत चढा राहिला की बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, गाळण्यांना इजा होते आणि रक्तातच राहायला हवं ते अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रथिन, लघवीत झिरपू लागतं.

दुखत काहीच नाही. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, पण तोवर बराच उशीर झालेला असू शकतो.

(दृश्य : प्रयोगशाळेचा रिपोर्ट. ‘क्रिएटिनिन १.१’ या ओळीवर कॅमेरा थांबतो.)

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंड तो गाळून लघवीत टाकतं. इथेच फसगत होते. आकड्यासमोर लाल खूण नाही, म्हणून रिपोर्ट घडी घालून पिशवीत जातो. पण हाच १.१ सव्वीस वर्षांच्या तरुणाचा असेल, तर हिशेबानं त्याची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ९५ च्या घरात येते. बासष्ट वर्षांच्या बाईचा असेल तर ५७. साठच्या खालची क्षमता तीन महिन्यांहून जास्त टिकली, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार धरला जातो. नुसतं क्रिएटिनिन लिहून ईजीएफआर न छापणारा रिपोर्ट अर्धवटच म्हणायला हवा. वय आणि लिंग तर त्याच कागदावर वर लिहिलेलं असतं!

(दृश्य : झाकणाची छोटी डबी, त्यावर नावाची चिठ्ठी.)

दुसरी तपासणी लघवीची. नाव लांबलचक, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. प्रयोगशाळेत सगळे ‘एसीआर’ म्हणतात. चोवीस तासांची लघवी साठवायची गरज नाही. एकच नमुना पुरतो, सकाळचा पहिला असेल तर उत्तम. पाणी जास्त प्यायल्यानं लघवी पातळ झाली तरी हिशेब बिघडत नाही, कारण अल्ब्युमिन त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनशी ताडून पाहतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू आहे. ३०० च्या वर म्हणजे ती बरीच वाढली आहे.

लघवीत बुडवायची साधी पट्टी असतेच की, असं कुणी म्हणेल. पण सुरुवातीची थोडी गळती तिच्या नजरेतून निसटते.

एका रिपोर्टवर मात्र शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीची अंगमेहनत यांनीही आकडा वर जातो. म्हणून तपासणी पुन्हा करतात, आणि गळती तीन महिने टिकते का ते पाहतात.

(दृश्य : डॉक्टरांच्या टेबलावरचं कार्ड, नवी गोळी लिहिली जाते.)

टिकली, तर औषधाची निवडही बदलू शकते. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या गटांतल्या गोळ्या बीपी उतरवतात, शिवाय ही गळतीही कमी करतात. गरोदरपणात त्या चालत नाहीत. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघतात. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसलं की घरचे घाबरतात, गोळी परस्पर बंद करतात. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. गोळी थांबवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतात.

आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक? ही वेदनाशामक गोळीही मूत्रपिंडाला इजा करू शकते, पण ती कुठल्याच कार्डावर नसते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तिचं पाकीट पिशवीतून काढून टेबलावर ठेवावं.