आमचे आप्पा, सुतार

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आमच्या आप्पांबद्दल, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल. सुतार होते. जाऊन बराच काळ झाला, पण अजूनही घरात एखादा ड्रॉवर अडकला की कोणीतरी म्हणतंच, आप्पा पाहिजे होते. ते गेले तेव्हा सगळे कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी असं बोलले, खोटं नाही ते, पण हे काय कोणाबद्दलही बोलता येतं, त्यात आप्पा कुठे दिसतात?

मला दिसतात ते दरवाजापाशी. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, फुगतं ते रुंदीला, लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही, म्हणून दमट दिवसांत दरवाजा चौकटीत घासायला लागतो. लोक यायचे, म्हणायचे रंधा मारून द्या. आप्पा म्हणायचे थांबा, हवा कोरडी होऊ दे, आत्ता तासला तर नंतर फट पडेल. आता हातात आलेलं काम असं कोण परत पाठवतं, आजी जाम वैतागायची, आणि तिचंही बरोबरच होतं म्हणा.

आम्हा नातवंडांना काटकोन त्यांनीच शिकवला. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ वर खूण, दुसऱ्या बाजूला ४ वर, दोन खुणांमधलं अंतर ५ भरलं की कोपरा बरोबर. पुढे शाळेत पायथागोरस आला तर आम्ही म्हटलं, हे तर आप्पांचंच आहे की.

दोन काका एकमेकांशी बोलत नसले की आप्पा समजूत वगैरे काढायचे नाहीत, त्या भानगडीत पडायचेच नाहीत, सरळ दोघांना फळी कापायला बोलवायचे. एकाने करवत चालवायची, दुसऱ्याने सुटणारं टोक धरायचं, ते खाली झुकलं तर शेवटी लाकूड चिरतं आणि वर उचललं तर करवत अडकते. मग बोलावंच लागायचं ना, सोडू का, थांब, अजून थोडं. भांडण तेवढ्याने मिटायचं असं नाही, पण फळी नीट कापली जायची.

काम थांबवल्यावर ते फार शांत झाले. सगळे म्हणायचे वय झालं, स्वभाव निवला. मला हे पटत नाही. आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम, ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास असलं की कान हळूहळू जातात हे आज माहितीय, तेव्हा कानात साधा कापूसही कोणी घालत नव्हतं. आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज, म्हणजे बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत, लहान मुलांचे तर नाहीच. पंगतीत आप्पा नुसते हसून मान हलवायचे, त्यातलं अर्धं त्यांना कळतच नसणार.

तर तुमच्या घरात असं कोणी असेल, सुतार, गवंडी, फिटर, कोणीही, तर त्यांना आयुष्याचे अनुभव सांगा असलं काही विचारू नका, दोन वाक्यांत गप्प होतील. त्यांनीच बनवलेली एखादी वस्तू हातात द्या आणि विचारा, हा सांधा कसा बसवला. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, टीव्ही बंद करा, आणि तुमचे ओठ दिसतील असं त्यांच्या समोर बसा, शेजारी नको.