दिवस भरण्याआधीच्या कळा

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीचे दोन वाजलेत. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात एक बाई उतरते. आठवा महिना लागून आठवडाच झालेला. थांबून थांबून कळा येतायत, एक हात कमरेवर आहे. सोबत सासू, तिच्या काखेत जुन्या लुगड्यांचं गाठोडं. सासूबाई मला पहिलाच प्रश्न करतात, "डॉक्टरीणबाई, आत्ताच होईल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं मला अंदाजानंच द्यावं लागायचं. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत कळा सुरू झाल्या म्हणजे बाळंतपण होणारच, असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे अशा कळा घेऊन येणाऱ्या दहाजणींत पुढच्या आठवडाभरात बाळंत होते ती जेमतेम एखादी. बाकीच्यांच्या कळा ओसरतात. ती एक कोणती, हे ओळखणं कठीण. हातानं तपासताना बोटांना गर्भपिशवीच्या तोंडाची बाहेरची बाजू लागते. पण तोंड उघडायला लागतं ते आतून.

सुरुवातीच्या काळातली एक चूक मला अजून टोचते. कळा जोरात होत्या, म्हणून मी एकीला घाईघाईनं ऐंशी किलोमीटरवर पाठवलं. तिच्या नवऱ्यानं उसने पैसे काढून गाडी केली. दोन दिवसांनी ती तशीच परत आली आणि बाळंत झाली ती दीड महिन्यानं, घराजवळच. त्याच वर्षी दुसरीला मी "कळा बारीक आहेत, सकाळी बघू" म्हणून ठेवून घेतलं. पहाटे ती बाळंत झाली. बाळाला श्वास घेता येईना आणि आमच्याकडे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

आता आतून, म्हणजे योनीमार्गातून, करायची सोनोग्राफी आहे. आधी लघवी करून यायचं. बारीक दांड्यासारखा प्रोब, त्यावर दर वेळी नवं आवरण. तो अलगद आत ठेवतात, दाबत नाहीत, कारण दाबलं तर तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं. पडद्यावर पिशवीच्या तोंडाचा बंद भाग दिसतो. त्याची लांबी तीनदा मोजायची आणि सगळ्यात कमी भरेल ती धरायची. सगळं मिळून पाचेक मिनिटं लागतात. बायका विचारतात, यानं कळा वाढतील का? बाळाला लागेल का? नाही. प्रोब बाळापर्यंत पोचतच नाही.

लांबी 30 मिलिमीटरच्या वर असेल, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी, तर आठवडाभरात बाळंतपण होण्याची शक्यता फारच कमी. अशा बाईला थोडा वेळ नजरेखाली ठेवून, लघवीचा संसर्ग वगैरे तपासून, घरी सोडता येतं. 15 च्या खाली गेली की धोका खरा. मधल्यांना ठेवून घ्यायचं आणि पुन्हा बघायचं. पाणी गेलं असेल किंवा रक्त जात असेल, तर मात्र मोजमापाची वाट बघत बसायचं नाही.

एवढ्या मोजामोजीचं कारण एक इंजेक्शन आहे. आईला दिलेल्या स्टेरॉइडनं पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स यांना हे आधी मेंढ्यांच्या कोकरांत दिसलं. 1972 साली त्यांनी आणि हाउई यांनी ते माणसांत सिद्ध केलं. आपल्याकडे डेक्सामेथासोन देतात, दर बारा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं. स्वस्त औषध आहे. 24 ते 34 आठवड्यांत अशा कळा आल्या, तर पुढे पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम सिस्टरनीही द्यावा, असं केंद्र सरकारनं 2014 मध्येच सांगितलंय. पण पूर्ण गुण यायला दिवसभर लागतो आणि तो टिकतो साधारण आठवडाभर. उगाच लवकर दिलं तर गरजेच्या वेळी जोर ओसरलेला असतो. उशीर झाला तर वेळच उरत नाही. म्हणून ते मिलिमीटर.

सोनोग्राफी म्हटलं की काहीजणी बिचकतात. 'फॉर्म एफ' भरायचा, सही करायची, भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नाही असा फलक. हा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा मुलींना वाचवण्यासाठी आहे, आणि देशात सगळ्यांत आधी, 1988 साली, असा कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला. अवेळी आलेल्या कळांसाठी सोनोग्राफी करायला तो आड येत नाही. फॉर्म भरा, सही करा, तपासणी करून घ्या.

त्या रात्री लांबी भरली 12 मिलिमीटर. मी पहिलं इंजेक्शन दिलं, 108 ला फोन लावला, जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला कळवलं. गाडीत चढताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात." हे मी दर महिन्याला ऐकते, आणि ते साफ खोटं आहे. पोटात राहिलेला एकेक दिवस बाळाला बळ देतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा दणकटच असतं. त्यांना तसं सांगितलं. पटलं की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मुलगा की मुलगी ते सांगितलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "रडलं बाई. मोठ्यानं रडलं."