कोरी राहिलेली प्लेट

थर्माकोलच्या खोक्यातला हा ठेचलेला बर्फ सकाळी मासळीबाजारातून आणलेला आहे. मुंबईच्या उपनगरातल्या या महाविद्यालयातले बर्फाचे यंत्र बंद पडले, तरी विद्यार्थ्यांनी जीवाणूंत परका डीएनए घालण्याचे प्रात्यक्षिक पुढे ढकलू दिले नाही. बर्फात रुतवलेल्या इवल्या नळ्यांत कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ई. कोलाय जीवाणू आहेत. त्यांतल्या एकीत प्लाझमिड, म्हणजे डीएनएचे छोटेसे वर्तुळ, मिसळले आहे. परक्या डीएनएचा तुकडा त्याला आदल्या दिवशीच जोडून ठेवला होता. दुसरीत प्लाझमिड मुद्दाम घातलेले नाही.

आता नळ्या ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण मिनिट बुडतात आणि लगेच बर्फात परततात. या चटक्याने प्लाझमिड फारच थोड्या पेशींत शिरते, आणि कोणत्या पेशींत शिरले ते सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. म्हणूनच प्लाझमिडवर निवडखूण असते: ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक फोडणारे विकर (एन्झाइम) बनवणारे जनुक. ३७ अंशांवर तासभर सावरलेल्या पेशी ॲम्पिसिलिन मिसळलेल्या अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या खाद्यथरावर, पसरल्या, की खूण असलेल्याच वाढतात.

१९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीबीआर३२२ या ४,३६१ बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांच्या) प्लाझमिडवर अशा दोन खुणा होत्या. नावातले बी आणि आर म्हणजे ते बनवणारे संशोधक बोलिव्हार आणि रॉड्रिग्ज. टेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जनुकात तुकडा बसला, की ती खूण मोडे. मग वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, मखमलीच्या कापडावर टिपून टेट्रासायक्लिनच्या प्लेटवर उमटवायच्या आणि तिथे न उगवलेल्या नेमक्या मूळ प्लेटवर हुडकायच्या, असा तो खटाटोप असे. इथे ते काम रंगावर सोपवले आहे: एक्स-गॅल हा रंगहीन पदार्थ फोडणाऱ्या जनुकात तुकडा बसला नसेल तर तो फुटून वसाहत निळी होते, बसला असेल तर पांढरी राहते.

दुसऱ्या दिवशीच्या या दोन प्लेट. एकीवर निळ्या ठिपक्यांत पांढरे ठिपके आहेत. काहींभोवती दिसणारे बारीक दाणे मात्र उचलायचे नाहीत, कारण शेजारच्या वसाहतीने औषध फोडले म्हणून ते जगले आहेत. प्लाझमिड नसलेल्या नळीची प्लेट संपूर्ण कोरी आहे, आणि औषधावर वाढायला प्लाझमिडच लागते याचा आमच्या मते खरा पुरावा तीच. वहीत आकृती काढून तो हाती लागत नाही.

याच पद्धतीच्या आधारे जीवाणूंत बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. प्रतिकाराचे जनुक गटारात जाऊ नये म्हणून वापरलेल्या प्लेट १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, जातात. त्याआधी एक पांढरी वसाहत निर्जंतुक टूथपिकवर उचलली जाते.