आधी कुत्री, मग गाडीवान

मार्च उजाडला की अलास्कात इडिटारॉडची, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजच्या (बर्फगाडीच्या) शर्यतीची, लगबग सुरू होते. अँकोरेजहून निघायचं आणि बेरिंग समुद्राकाठचं नोम गाठायचं. सुमारे सोळाशे किलोमीटर. वाटेत पर्वतरांग, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी गोठलेला समुद्रही.

१९७३ साली ही शर्यत सुरू झाली, तेव्हा खेड्यापाड्यांत स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या, आल्या होत्या आणि दारची कुत्री कमी होत चालली होती. कुत्र्यांच्या गाड्या हाकणारे जो रेडिंग्टन यांना ते बघवेना. त्यांनी पुढाकार घेऊन शर्यत उभी केली. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला वीस दिवस लागले. आता नऊ-दहा दिवसांत नोम गाठतात.

वाटेतला एखादा मुक्काम मात्र नीट बघा. रात्र आहे, पारा उणे तिसावर. गाडीवानाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, तरी तो टेकत नाही. आधी कुत्र्यांच्या पायांतले कापडी बूट काढतो. सोळा कुत्री, म्हणजे चौसष्ट पाय. मग पेंढा पसरतो. कुत्री त्यावर गोल गोल फिरतात आणि नाक शेपटीत खुपसून पडतात. स्टोव्हवर बर्फ वितळतो, त्यात गोठलेलं मांस पडतं आणि गरम कालवण एकेकाच्या पुढ्यात जातं. धावणाऱ्या कुत्र्याला दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी लागतात! त्यानंतर गुडघ्यांवर बसून एकेक पंजा हातात घ्यायचा, बोटांच्या बेचक्यांत मलम चोळायचं. पशुवैद्य प्रत्येकाचं हृदय तपासतात. एखादं लंगडत असेल, तर ते विमानानं परत जातं. हे सगळं उरकल्यावर माणसाची झोप, तीही तास-दीड तासाची. माझ्या मते शर्यतीचा निकाल इथेच लागतो.

या गाडीला लगाम नसतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. पुढचं कुत्रं ऐकतं, बाकीची त्याच्या मागे जातात.

१९८५ साली लिबी रिडल्स शाक्टूलिक गावातून भर हिमवादळात नॉर्टन उपसागराच्या बर्फावर उतरल्या. इतरांनी थांबणं पसंत केलं. अंधारात पुढची खूण दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी स्लेजमध्येच रात्र काढली आणि सकाळी कुत्री पुन्हा जुंपली. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

२०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली. शर्यत बंद करा, असं प्राणिप्रेमी संघटना म्हणतात, आणि त्यांचा संताप खोटा नाही. या कुत्र्यांना धावायची हौस असते. सुटण्याआधीचं त्यांचं भुंकणं, पट्ट्यांना दिलेले हिसके पाहिले की पटतं. पण कुठे थांबायचं, हे त्यांच्यावर सोडून चालत नाही. म्हणून नियमांतच सक्तीची विश्रांती आहे: एकदा चोवीस तास, दोनदा आठ तास. त्यातली शेवटची व्हाइट माउंटनला, नोम जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर असताना. पहिला असो की शेवटचा, आठ तास भरल्याशिवाय तिथून कुणालाच सुटता येत नाही.