द्राक्षबागेतला धूर आणि सातपूरची काजळी

मंडळी, निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पहाटे तीनला आमच्या घरात जाग यायची. वडील बागेत शेकोट्या पेटवायला निघायचे, मागोमाग मी. छाटणीच्या काड्या, वर उसाचं पाचट आणि त्यावर मुद्दाम पाण्याचा हबका. धूर जितका दाट तितकी घडांना ऊब, अशी सगळ्यांचीच समजूत होती. मणी तडकले की वर्षाची कमाई गेली. त्या भीतीला मी आजही नावं ठेवणार नाही.

पण ओली काडी धड जळत नाही, धुमसते. तिच्यातले अर्धवट जळालेले पदार्थ वाफ होऊन निघतात आणि गार हवेत त्यांचे बारीक कण बनतात. डोळ्यांना झोंबणारा पांढुरका धूर तो हाच, बहुतांशी सेंद्रिय कार्बनचा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्यांतून, डिझेल जनरेटरमधून, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांमधून येते ती काजळी, म्हणजे काळा कार्बन. दोन्हींचे बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

गावात गेलं की ऐकू येतं, हवा कारखान्यांनी नासवली. कारखान्यात गेलं की बोट शेताकडे. हा वाद प्रयोगशाळेत सुटू शकतो. हवेतले कण क्वार्ट्झच्या गाळणकागदावर धरायचे. कागद आधी हेलियममध्ये तापवला की सेंद्रिय कार्बन सुटतो, मग ऑक्सिजन सोडला की काळा कार्बन जळतो. शिवाय लाकूड, पाचट जळताना लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर तयार होते. डिझेलच्या धुरात ती नसते. कागदावर ती सापडली की काडीकचरा कुठेतरी पेटला होता हे नाकारता येत नाही.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम आलो ते सांगतो. धुराचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. सूर्यप्रकाशाची तरंगलांबीही तेवढीच, म्हणून धूर ऊन अडवतो. रात्री जमिनीतून निघून जाणारी उष्णता मात्र दहा मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींची. तिला हा धूर फारसा अडवत नाही. म्हणजे रात्री बागेची ऊब धरून ठेवायला तो जवळजवळ निरुपयोगी, आणि सूर्य उगवल्यावर उलट ऊनच अडवणारा! थोडीफार ऊब मिळते ती जाळाची. माझ्या वडिलांनी कितीतरी हिवाळे तो धूर छातीत घेतला, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

थंडीत जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वर उबदार हवेचं झाकण. बागेतला धूर आणि धुराड्याची काजळी, दोन्ही त्याखाली कोंडतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ला सुरू झाला, त्यात नाशिक शहर आहे. पण अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची, २०२१पासून, १५. आणि शहराची हद्द धुराला कुठे कळते?

पहाटे ठिबक सोडा. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, हाताला लागतंच. शेकोटी लावायचीच असेल तर काड्या सुकलेल्या घ्या, जाळ लहान ठेवा, पाण्याचा हबका मारू नका. उरलेल्या काड्यांची कुट्टी करून ओळींत पसरा.