कातडीखालचे पंधरा आकडे

श्रोतेहो, नमस्कार. घरातल्या कुत्र्यामांजरांना बसवायच्या मायक्रोचिपबद्दल आज बोलायचं आहे, आणि मी सुरुवात करणार आहे ती एका बिबट्यापासून. ही गोष्ट सांगायची संधी मी सहसा सोडत नाही, तेव्हा जरा चालवून घ्या.

२००९ सालचा उन्हाळा. पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर. तिथे एक बिबट्या विहिरीत पडला. आता बिबट्या विहिरीत पडला, ही आपल्याकडे फारशी बातमी राहिलेली नाही. अंधारी रात्र आणि जमिनीलगत उघडी विहीर, दुसरं काय होणार! विहीर खणायला लाखांनी पैसा घालणारा माणूस कठड्याच्या चार थर विटांपाशी हात का आखडतो, हे कोडं मला काही सुटत नाही. बिबट्या पडतो, कोल्हा पडतो, शेळी पडते. शेजारचं पोर पडलं की मग कठडा होतो. असो, तो विषय वेगळा.

तर वन खात्याच्या माणसांनी त्याला वर काढलं. वयानं मोठा नर, आणि इतका निवांत, की अभ्यासकांनी त्याचं नावच ठेवलं आजोबा. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन खात्यानं मिळून त्याला दोन वस्तू दिल्या. गळ्यात जीपीएसचा पट्टा, आणि शेपटीत एक चिप. या दोन वस्तू नीट लक्षात ठेवा. वर पट्टा, आत चिप. मग त्याला माळशेज घाटात नेऊन सोडलं.

माळशेज म्हणजे डोंगर, झाडी. कुणालाही वाटेल की आता हा इथेच रमणार. पण आजोबा चालू लागले. पट्ट्याकडून मोबाइलवर मेसेज यायचे, त्यावरून नकाशावर ठिपके पडायचे, आणि ते ठिपके सरकत होते पश्चिमेला. माणसांची जाग असली की झुडपात बसून राहायचं, निजानीज झाली की निघायचं. मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला. कसारा स्टेशनाजवळ रूळ ओलांडले. पुढे वसईच्या बाजूला उतरून खाडी पोहून पार केली, आणि स्वारी पोचली थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या नागला भागात! महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर. आणि वाटेत माणसाच्या अंगावर गेला नाही. आपण लोकलमध्ये खिडकीच्या जागेवरून काय काय करतो, ते इथे सांगत नाही.

पुढे पट्ट्याकडून निरोप येणं थांबलं. पट्ट्याला बॅटरी असते, ती कधीतरी संपणारच. आजोबा कुठे आहेत, कसे आहेत, काही कळायला मार्ग नाही. मग २०११च्या डिसेंबरात महामार्ग ओलांडणाऱ्या एका बिबट्याला गाडीची धडक बसली आणि तो मेला. रस्त्यावर मेलेला बिबट्या. कुणाचा, कुठला, कोण सांगणार? त्याच्या अंगावरून स्कॅनर फिरवला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले, ते जुन्या नोंदीशी ताडून पाहिले. आजोबाच होते ते.

मला ही गोष्ट आवडते ती त्या चालण्यासाठी, हे उघड आहे. पण आजच्या विषयाचं निम्मं काम तिनं केलंय. पट्ट्यानं सांगितलं बिबट्या कुठे आहे; चिपनं सांगितलं तो कोण आहे. पुन्हा सांगतो, कारण दवाखान्यात सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच होतो. कुत्र्याला चिप बसवली म्हणून तो मोबाइलच्या नकाशावर दिसणार नाही. चिप कुत्रा शोधून देत नाही. सापडलेल्या कुत्र्याची ओळख पटवून देते.

चिप असते तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या नळीत बंद. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे, जाड सुईनं कातडीखाली सोडतात. भूल लागत नाही. लस टोचताना करतो तेवढीच कुरकुर कुत्रा करतो. आत बॅटरी नाही, म्हणून संपायचा प्रश्न नाही. स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि पंधरा आकडे सांगते. फक्त पंधरा आकडे. तुमचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. गोठा असणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, बाकी सगळी माहिती कॉम्प्युटरवर.

म्हणजे खरी मेख नोंदीत आहे. चिप बसवली, कागद कपाटात गेला, नोंद कुणी केलीच नाही, तर ते पंधरा आकडे कुणाच्याच नावावर नाहीत. घर बदललं, सिमकार्ड बदललं, की बँकेला कळवता, गॅसवाल्याला कळवता. तसंच चिपची नोंद जिथे झाली, तिथेही कळवा. चिप बसवतानाच डॉक्टरांना विचारा, नोंद कुठे होणार आणि ती बदलायची कशी. आणि गळ्यातला पट्टा काढू नका. गल्लीतल्या पोराच्या हाती स्कॅनर नसतो, पट्ट्यावरचा फोन नंबर मात्र त्याला वाचता येतो. दिवाळीत तर हे आधीच पाहून ठेवा. सुतळी बॉम्बच्या धसक्यानं जनावरं दावं तोडून, गेटवरून उडी मारून पळतात. पहाटे पाचला बॉम्ब लावणाऱ्यांना मी काय म्हणतो, ते आकाशवाणीवर बोलता येणार नाही.

इंग्लंडमध्ये कुत्र्याला चिप ६ एप्रिल २०१६पासून सक्तीची आहे, आणि मांजरांना १० जून २०२४पासून. आपल्याकडे ज्यांची मुलं युरोपात आहेत आणि घरचा कुत्रा तिकडे न्यायचा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आधी चिप, मग रेबीजची लस. आधी चिप, मग लस. उलटं झालं तर ती लस तिकडे धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. शिवाय भारतातून जाताना लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि त्यानंतर तीन महिने थांबणं. तेव्हा तिकीट आधी काढून मग डॉक्टरांकडे धावू नका.

ज्यांच्याकडे चिप आधीच बसवलेली आहे, त्यांनी पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा. सगळ्याच दवाखान्यांत तो असतो असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. कधीकधी चिप कातडीखाली थोडी सरकते, खांद्याकडे उतरते, तेव्हा सगळ्या अंगावरून स्कॅनर फिरवायला लावा. पंधरा आकडे दिसले की ते लशीच्या कार्डावर लिहून घ्या, आणि कार्डाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नमस्कार.